मिकार्टा, जी-१० आणि कार्बन फायबरच्या मुठी घासणं व पॉलिश करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकू-सुऱ्यांना लाकडाऐवजी थर दाबून केलेल्या कृत्रिम मटेरियलच्या मुठी बसवणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सँडपेपरचे (पुढे नुसतं ‘पेपर’) नंबर, जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे, ‘पी’ मालिकेतले समजावेत (प्रश्न ६). सगळं वाचायला वेळ नसेल तर ३ आणि ९ तरी वाचाच. पहिल्याने फुप्फुसं वाचतील, दुसऱ्याने तास.

१. मिकार्टा, जी-१० आणि कार्बन फायबर यांत फरक काय, आणि घासणाऱ्याला त्याचं काय?

तिन्हींची कृती एकच आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवायचे, एकावर एक रचायचे आणि उष्णता व दाब देऊन पक्के करायचे. मिकार्ट्यात सुती कॅनव्हास, लिनन किंवा कागद आणि फिनॉलिक रेझिन असतं. जी-१० मध्ये काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी. कार्बन फायबरमध्ये कार्बनचे धागे आणि बहुतेक वेळा इपॉक्सीच. मिकार्टा हे मूळचं ब्रँडचं नाव, वेस्टिंगहाउस कंपनीने १९१० च्या सुमारास विजेच्या इन्सुलेशनसाठी आणलेलं. जी-१० हेही इन्सुलेशन शीटच्या एका ग्रेडचंच नाव. चाकूवाल्यांनी दोन्ही उसनी घेतली.

घासताना फरक पडतो तो धाग्यामुळे. सुती धागा रेझिनपेक्षा मऊ असतो. त्यामुळे कॅनव्हास मिकार्ट्यावर धाग्यांची टोकं उघडी राहतात आणि ती तेल-पाणी पितात. काच रेझिनपेक्षा कितीतरी कठीण, म्हणून जी-१० पेपर झपाट्याने बोथट करतं, पण पाणी पीत नाही. कार्बनचा धागा ठिसूळ. कडेला त्याच्या कुसळ्या निघतात. हातातला तुकडा कशाचा आहे हे कळत नसेल तर वजन बघा. जी-१० एका घन सेंटिमीटरला सुमारे १.८ ग्रॅम भरतं, मिकार्टा १.४ च्या आसपास. कोपरा जरा घासून वास घेतला तरी कळतं: फिनॉलिकला कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येतो. वास ओळखायला दोन-चार हात पुरेत, नाक धुळीवर धरू नका.

२. दुकानात ‘मिकार्टा’ म्हटलं की कोणाला कळत नाही. ‘हायलम’ म्हणजे तेच का?

जवळपास तेच. आपल्याकडे फिनॉलिक शीटला बाजारात हायलम किंवा नुसतं बेकेलाइट शीट म्हणतात. मागताना ‘कापडवालं’ मागा. कागदी ग्रेडही असते, ती स्वस्त पडते आणि पॉलिशही छान घेते. पण विजेच्या कामाच्या साध्या कागदी शीटचे थर, मूठ पक्की करणारी पिन ठोकताना किंवा भोक पाडताना उकलू शकतात. कापडी शीटच्या कापलेल्या कडेवर विणीचे धागे डोळ्यांनी दिसतात, तीच खूण.

रंग बहुधा तपकिरी किंवा काळाच मिळतो. रंगीत, थरांची नक्षी असलेली शीट खास मुठींसाठी करतात आणि ती महाग असते. पूर्ण टँगच्या (पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेल्या) चाकूला एका बाजूला ६ मिमी जाड पट्टी साधारण पुरते. हात मोठा असेल तर ८.

३. याची धूळ खरंच इतकी वाईट आहे का?

हो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

काचेचे आणि कार्बनचे तुकडे कातडीत, डोळ्यांत आणि घशात टोचतात. कच्च्या राहिलेल्या इपॉक्सीच्या धुळीने काहींना कायमची ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की थोड्याशा धुळीनेही अंगावर उठतं. फिनॉलिक तापलं की फॉर्मल्डिहाइड सुटतो. हाताने पेपर मारताना एन-९५ मास्क चालेल. बेल्टवर किंवा ग्राइंडरवर काम करत असाल तर बदलता येणाऱ्या फिल्टरचा रबरी हाफ मास्क घ्या, पी-१०० किंवा पी-३ फिल्टरचा. दाढीवर कुठलाच मास्क नीट बसत नाही. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा.

घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर ही धूळ एका बाजूने ओढतो आणि बारीक भाग दुसऱ्या बाजूने खोलीत सोडतो. झाडूनेही ती उडतेच. ओल्या फडक्याने पुसणं बरं. शक्य तेवढं काम ओलं करा (प्रश्न ७) आणि तो चिखल वाळायच्या आत वर्तमानपत्राने टिपून कचऱ्यात टाका. मोरीत ओतू नका. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करायचंच नाही.

कार्बन फायबरची आणखी एक खोड आहे: धूळ वीजवाहक असते. मोटारीच्या स्विचमध्ये किंवा उघड्या सर्किटवर बसली तर शॉर्ट होतो.

४. जी-१० घासल्यावर हात आणि मान खाजते. काय करू?

चोळू नका. चोळलं की काच आणखी आत जाते. आधी चिकटपट्टी हलकेच लावून काढा, मग थंड पाण्याचा भरपूर फ्लो सोडा, साबण त्यानंतर. गरम पाण्याने त्रास वाढतो असा बहुतेकांचा अनुभव आहे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, नाहीतर घरातले सगळेच खाजवत बसतील. पुढच्या वेळी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि कॉलर बंद ठेवा. पुरळ दोन-तीन दिवसांत गेला नाही, किंवा दर वेळी वाढतच चालला, तर ती काच नसून रेझिनची ॲलर्जी असू शकते. मग त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

५. सुरुवातीला सामान काय घेऊ?

फार काही लागत नाही. अर्धगोल कानस, एक मध्यम आणि एक बारीक. काळा वॉटर पेपर, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा: १२०, २२०, ४००, ८००, १५०० नंबरचे दोन-दोन ताव, जी-१० असेल तर १२० आणि २२० चे चार-चार, कारण ते लवकर मरतात. कडक ठोकळा एक (जाड ॲक्रिलिक किंवा सरळ रंधलेलं सागवान) आणि एक ठोकळा ज्याच्या तोंडावर चामडं चिकटवलंय. मास्किंग टेप, जुना टूथब्रश, भांडी घासायचं लिक्विड, एका बाजूने प्रकाश टाकणारा टॉर्च किंवा टेबल लॅम्प. हा शेवटचा आयटम लोक घेत नाहीत आणि मग प्रश्न ९ विचारतात.

लाकडासाठीचा पिवळा सँडपेपर नको. त्याचा डिंक पाण्यात सुटतो आणि काचेपुढे दाणेही टिकत नाहीत.

६. पेपरवर कधी ‘पी४००’ असतं, कधी नुसतं ‘४००’. एकच ना?

नाही. ‘पी’ ही युरोपातली मालिका, नुसता आकडा बहुधा अमेरिकन. २२० पर्यंत दोन्ही जवळपास सारखे, पुढे फाटा फुटतो. पी४०० चा दाणा सुमारे ३५ मायक्रॉन, अमेरिकन ४०० चा सुमारे २३, म्हणजे तो पी८०० च्या जवळ जातो. अमेरिकन ६०० साधारण पी१२०० ला लागतो. परदेशी व्हिडिओत ‘६०० वर थांबा’ ऐकलं आणि तुम्ही पी६०० वर थांबलात, तर तुमची मूठ त्यांच्यापेक्षा खरखरीत राहणार. चूक तुमच्या हाताची नव्हे. एकाच कामात दोन मालिका मिसळू नका.

७. कोरडं घासू की पाणी लावून?

आकार देताना कोरडं, २२० च्या पुढे ओलं. पाण्याने धूळ बसते, पेपर चोंदत नाही आणि तापत नाही. पेपर दहा-पंधरा मिनिटं आधी भिजत घाला म्हणजे घडीवर तडकत नाही. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका.

अपवाद तीन. पातं कार्बन स्टीलचं असेल तर त्याला तेल आणि टेप लावल्याशिवाय पाणी जवळ आणू नका. ते तासाभरात गंजतं. दुसरा, पट्टी आणि टँग यांच्यामध्ये व्हल्कनाइज्ड फायबरचा (दाबून कडक केलेल्या कागदासारखा) रंगीत लायनर, म्हणजे मधला पातळ थर, असेल तर पाणी पूर्ण टाळा. तो पाणी पिऊन फुगतो, तुम्ही तो फुगलेलाच सपाट करता आणि वाळल्यावर तिथे खाच पडते. लायनर जी-१० चा असेल तर ही भीती नाही. तिसरा, कच्चा राहिलेला घरगुती माल (प्रश्न १५).

८. कुठल्या नंबरापासून सुरू करून कुठे थांबायचं?

सुरुवात ओरखड्यांवर ठरते. कानशीचे किंवा ६० च्या बेल्टचे ओरखडे असतील तर हाताने १२० पासून. पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्या निम्म्या दाण्याच्या आसपास ठेवा. १२० चा दाणा १२५ मायक्रॉन, २२० चा ६८, ४०० चा ३५, ८०० चा सुमारे २२, १५०० चा साडेबारा. म्हणून १२०, २२०, ४००, ८००, १५०० ही माळ पुरते. मधले सगळे नंबर विकत घेण्याची गरज नाही, पण १२० वरून थेट ४०० वर उडीही नको.

थांबायचं कुठे, हे मटेरियल सांगतं. कॅनव्हास मिकार्टा ४०० वर थांबवावा असं आमचं ठाम मत आहे. तिथे विणीचा स्पर्श राहतो आणि ओल्या हातातही मूठ सरकत नाही. २००० पर्यंत नेला तरी तो आरशासारखा होत नाही, कारण धाग्याची टोकं चमकतच नाहीत. पकड मात्र जाते. लिनन मिकार्टा ८०० ते १५००. कागदी मिकार्टा २००० आणि वर बफ (फिरत्या कापडी चाकावर पॉलिश), तो हस्तिदंतासारखा होतो. जी-१० कामाच्या चाकूला ४००, दिखाऊ कामाला ८०० आणि हलका बफ. कार्बन फायबर १५०० ते २०००, त्याच्या खाली विणीची झळाळी उठतच नाही.

मासे-मटण कापायच्या सुरीला गुळगुळीत मूठ घालू नका. चरबी लागलेल्या हातात ती फिरते.

९. २००० पर्यंत गेलो, बफही मारला, तरी उन्हात धरलं की ओरखडे दिसतात. कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा १२० वर. बारीक पेपर खोल ओरखडा काढत नाही, फक्त त्याच्या कडा गोल करतो; बफ तर तो चकाकवून जास्तच उठून दाखवतो. दिसणारा ओरखडा २००० ने पाडलेलाच नसतो. तो चार टप्पे मागे राहिलेला असतो.

पद्धत अशी. १२० ने सगळी मूठ एकाच दिशेत घासा, समजा आडवी. २२० उभा. ४०० पुन्हा तिरका किंवा आडवा. दिशा बदलली की आधीचा ओरखडा नव्यांच्या गर्दीत वेगळा कळतो. नंबर बदलण्याआधी पृष्ठभागावर पेन्सिलीने रेघा मारा. त्या जिथे उरतात तिथे खळगा आहे, पेपर पोचतच नाही. जुने ओरखडे दिसेनासे झाले की लगेच थांबू नका, तेवढ्याच वेळाच्या निम्मं आणखी घासा, कारण त्यांचा तळ अजून शिल्लक असतो.

आता खरी गोम. ओल्या पृष्ठभागावर पाणी ओरखड्यात भरतं आणि ओरखडा दिसत नाही. ओलं बघून नंबर बदलणारा दर टप्प्याला स्वतःला फसवतो. पुसा, पूर्ण वाळू द्या, टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड बाजूने टाका आणि मूठ हळूहळू फिरवा. कॅनव्हास मिकार्टा वाळायला काही तास घेतो, तेवढं थांबा. काळ्या जी-१० वर ओरखडा पांढऱ्या केसासारखा दिसतो. तो २२० च्या वेळीच सापडला तर पाच मिनिटांचं काम, १५०० नंतर सापडला तर सगळं परत.

एकाच जागी एकटाच खोल ओरखडा सारखा परत पडत असेल तर आधीच्या नंबरचा दाणा ठोकळ्यावर किंवा टेबलावर अडकलाय. प्रत्येक नंबरनंतर मूठ, ठोकळा आणि हात धुवा, पाणी बदला. बोथट पेपर जास्त दाबून वापरायची सवयही सोडा. मेलेला १२० म्हणजे २२० नव्हे; त्याचे काही दाणे उभे असतात आणि तेच खोल जातात.

१०. बेल्ट ग्राइंडरवर जळल्याचा वास येतो आणि डाग पडतात.

बेल्ट बोथट आहे, वेग जास्त आहे किंवा दाब जास्त आहे, बहुधा पहिलं. आकार काढायला ६० चा नवा सिरॅमिक बेल्ट घ्या, वेग कमी ठेवा आणि मूठ सतत हलती ठेवा. जी-१० ला जुने बेल्ट अजिबात नकोत. नियम सोपा: उघड्या हाताने धरवत नाही इतकं तापलं की थांबा आणि पाण्यात बुडवा. शीट स्वतः १२० अंशांच्या आसपासही टिकते, पण पट्टी टँगला धरून ठेवणारं नेहमीचं दोन ट्यूबचं इपॉक्सी ६०-७० अंशांवरच मऊ पडू लागतं. पिना धातूच्या असल्याने उष्णता थेट आत नेतात. आज ठीक वाटलेली पट्टी महिन्याने पिनेच्या भोवती सुटते, ती यामुळे.

फिनॉलिकवरचा जळका डाग वरवरचा असतो, १२० ने निघतो. बेल्टवर २२० च्या पुढे जाऊ नका. तिथून हाताचंच काम.

११. पितळी पिना वर राहतात, बोट फिरवलं की लागतात.

मऊ ठोकळ्याने किंवा बोटाने घासलं की पेपर मऊ मटेरियल जास्त खातो आणि धातू मागे राहतो. पिनांच्या जागी कडक ठोकळाच वापरा, निदान ४०० पर्यंत. वर आलेल्या पिना उतरवायच्या तर २२० वर मागे या; १००० ने त्या खाली येत नाहीत.

मिकार्ट्यात पिनेभोवती काळपट वर्तुळ पडलं असेल तर ती पितळेची भुकटी धाग्यांत बसलीय. टूथब्रश आणि साबणाने ताजी असतानाच निघते. स्टेनलेस नसलेल्या पोलादाची भुकटी त्याहून वाईट, ती नंतर गंजून ठिपके देते. म्हणून टँगची कड घासताना नेहमी पोलादाकडून मिकार्ट्याकडे नव्हे, मुठीच्या लांबीत पेपर फिरवा.

१२. गोलाईवर पेपर कसा फिरवायचा?

इंचभर रुंदीच्या पट्ट्या फाडा, मागे मास्किंग टेप चिकटवा म्हणजे तुटत नाहीत, मूठ शिकंज्यात रबराच्या गाद्यांमध्ये धरा आणि मोची बुटाला फडकं मारतो तशी पट्टी पुढे-मागे ओढा. याने गोलाई सुंदर येते पण ओरखडे आडवे पडतात. म्हणून प्रत्येक नंबरचे शेवटचे हात चामड्याच्या ठोकळ्याने लांबीतच मारा. पट्टी शेवटच्या कडेवरून घसरू देऊ नका, तिथली धार विनाकारण गोल होते.

शिकंज्यात धरण्याआधी पात्याला पुठ्ठा आणि टेप गुंडाळा. धार लावायचं काम अगदी शेवटी.

१३. मूठ वाळली की मिकार्टा पांढुरका, फिकट दिसतो. तेल लावू का? खोबरेल चालेल?

हा दोष नाही. उघड्या सुती टोकांवर उजेड विखुरतो म्हणून फिकट दिसतो. ओला केला की गडद होतो, तेच तेल कायम करतं. केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन सगळ्यात बरं: ते खवट होत नाही, चिकट होत नाही, स्वयंपाकघरातल्या सुरीलाही चालतं. पाच-सहा थेंब चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या कापडाने घट्ट पुसा. खोबरेलाने मूठ काही दिवस छान दिसते; थंडीत ते गोठून पांढरं पडतं. शेंगदाणा किंवा मोहरीचं तेल नको, ते हवेत चिकटतं आणि त्यावर धूळ बसते. जवसाचं उकळलेलं तेल वाळून कवच धरतं. काहींना आवडतं, पण त्याचे बोळे एकत्र गोळा करून ठेवू नका, ते आपोआप पेटू शकतात.

वापरात हाताच्या तेलाने मिकार्टा आपणहून गडद होतोच. काही न लावता सोडणं हाही चांगला पर्याय आहे. जी-१० वर तेल लावून एरवी काही साधत नाही (अपवाद प्रश्न २२).

१४. फेव्हिक्विकने कोट दिला तर काच लावल्यासारखी चमक येते म्हणतात. खरं का?

येते. कागदी किंवा लिनन मिकार्ट्यावर, आणि बारीक छिद्रं राहिलेल्या कार्बन फायबरवर, हा कोट उपयोगी आहे. मूठ ६०० पर्यंत घासा, तेल-मेण काहीही लागलेलं नसावं, पातळ थर प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तुकड्याने पसरा, पूर्ण वाळू द्या. असे तीन-चार थर, प्रत्येक दोन थरांमागे ८०० चा हलका हात, शेवटी २००० आणि प्लॅस्टिक पॉलिश.

सुती कापडाने पसरवू नका आणि सुती मोजेही घालू नका. सायनोॲक्रिलेट (फेव्हिक्विकमधलं रसायन) कापसाशी जोरात तापतं, धूर निघतो, बोट भाजतं.

कॅनव्हास मिकार्ट्यावर हा कोट म्हणजे चांगल्या मटेरियलवर प्लॅस्टिकची साल. कडांना आधी सुटते आणि पकडही जाते. तिथे नकोच.

१५. घरी जुन्या जीन्सचा मिकार्टा केला. पेपर चिकट होऊन चोंदतोय.

रेझिन कच्चं आहे. इपॉक्सी असेल तर आठवडाभर ठेवा, किंवा पॅकवर लिहिलेल्या मर्यादेत ५०-६० अंशांच्या उबेत काही तास. तेवढ्यानेही नखाची खूण उठत असेल तर प्रमाण चुकलंय आणि तो तुकडा मुठीला वापरू नये. पॉलिएस्टर रेझिनचा नुसता वरचा थर चिकट राहतो, तो खरवडून काढला की खालचा ठीक निघतो.

घरगुती तुकड्यात हवेची छिद्रं असतातच. २२० पर्यंत घासा, छिद्रांत पातळ फेव्हिक्विक सोडा, वाळल्यावर पुन्हा २२०. छिद्र तुकड्याच्याच भुकटीने भरून मग फेव्हिक्विक सोडलं तर रंगही जुळतो. थंड दाबलेला असल्याने हा माल कारखान्याच्या शीटपेक्षा मऊ असतो. ठोकळा कडक ठेवा, दाब हलका.

१६. बफ कसा आणि कुठल्या साबणाने (चाकाला लावायच्या पॉलिशच्या वडीने) मारायचा?

आधी धोका. चाकू बनवण्याच्या कामात बफ हे सगळ्यात बेभरवशाचं मशीन आहे. चाकाने पात्याचं टोक किंवा मुठीची कड पकडली की चाकू सरळ पायांकडे किंवा पोटाकडे भिरकावला जातो. म्हणून बफ मारताना धार लावलेली नसावी, पातं बांधलेलं असावं, मूठ चाकाच्या मध्याच्या खालच्या भागाला लावावी, आणि कड कधीही फिरणाऱ्या चाकाच्या समोर येऊ नये; चाक कडेवरून बाहेर जावं. सैल बाह्या, ओढणी, हातमोजे काही नको.

आपल्याकडे सरळ मोटारी १४४० किंवा २८८० फेऱ्यांच्या असतात. ६ इंची चाकाला १४४० ची घ्या, कडेचा वेग सेकंदाला साडेअकरा मीटर पडतो. २८८० वर तो २३ होतो, मटेरियल तापतं आणि चाकू ओढला जातो. शिवण कमी असलेला मऊ सुती बफ, त्यावर पांढरा साबण. तपकिरी ट्रिपोली (जाडसर साबण) मुठीला सहसा लागतच नाही. ते काम ८०० चा पेपर करतो. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नको. जास्त वेळ मारलं की मऊ धागा आणि रेझिन जातं, पिना उभ्या राहतात, कडा वितळल्यासारख्या दिसतात. मशीन नसेल तर डेनिमच्या तुकड्यावर गाडीचं बारीक रबिंग कंपाउंड घेऊन हाताने दहा मिनिटं. चमक थोडी कमी, बोटं शाबूत.

१७. बफनंतर काळ्या मुठीत पांढरी पावडर बसली.

साबणाचा दाणा छिद्रांत अडकलाय. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, टूथब्रश. वाळल्यावर पुन्हा दिसलं तर पुन्हा तेच. मेणाच्या साबणाला आधी स्पिरिटने पुसा, पण मुठीत ॲक्रिलिक नसेल तरच (प्रश्न २१). काळ्या कॅनव्हासला पांढरा साबण लावूच नये. धातूचं पातळ पॉलिशही तसाच पांढरा गाळ मागे ठेवतं.

१८. पात्याकडची पुढची कड नंतर घासताच येत नाही.

नंतर घासायचीच नसते. दोन्ही पट्ट्या चिकटवण्याआधी पिनांवर एकत्र बसवा, पुढचं तोंड दोन्हींचं एकदमच शेवटच्या नंबरापर्यंत घासा आणि पॉलिश करून टाका. चिकटवल्यावर तिथे पेपर नेला की पात्यावर ओरखडे ठरलेले. बाहेर आलेलं इपॉक्सी ओलं असतानाच स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा. वाळलंच तर पितळेच्या पट्टीचं टोक तिरकं घासून त्याने खरवडा. पितळ पोलादाला ओरखडत नाही.

१९. लाल लायनरची भुकटी फिक्या मिकार्ट्यात शिरली, गुलाबी झाला.

१२० आणि २२० च्या जाड भुकटीच्या वेळी हे होतं. घासण्याआधी फिक्या भागावर पातळ फेव्हिक्विकचा एक हात दिला तर छिद्रं बंद राहतात. आता झालंच आहे तर लायनर जी-१० चा असल्यास साबण-ब्रश, आणि मग २२० ने वरचा थर काढा. व्हल्कनाइज्ड फायबरचा असल्यास ओलं काही लावू नका, रंग आणखी सुटेल. कोरड्या खोडरबराने आणि नव्या पेपरने जेवढं जाईल तेवढं.

२०. पांढऱ्या कागदी मिकार्ट्याच्या सुरीला हळदीचा डाग पडला.

आधी साबण, मग स्पिरिटचा बोळा. हळदीचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. उरलेला डाग उन्हात फिका होतो, पण तासा-दोन तासांनी बघत राहा, कारण फिनॉलिक स्वतःही उन्हाने पिवळं पडतं आणि ते पिवळेपण पेपरशिवाय जात नाही. ब्लीच नको. पुन्हा पडू नये म्हणून २००० पर्यंत घासून वर मेणाचा हात द्या. खरं तर रोजच्या भाजीच्या सुरीला काळी मूठ घालावी.

२१. हेच सगळं ॲक्रिलिकच्या मुठींना लागू आहे का?

नाही. ॲक्रिलिक तापलं की मऊ होतं, साधारण शंभर अंशांवर; बेल्टवर त्याची लाळ होते आणि पेपरला चिकटते. १२० पासूनच ओलं घासा, बफ अगदी हलका. स्पिरिट किंवा ॲसिटोन लावू नका. ॲसिटोनने ते विरघळतं, स्पिरिटने बारीक तडे जातात, कधी कधी काही दिवसांनी. चमक मात्र सगळ्यांत सोपी मिळते.

२२. विकतच्या घडीच्या चाकूची जी-१० मूठ इतकी खरखरीत आहे की पँटचा खिसा फाटतो.

पूर्ण मूठ घासू नका, पकडीसाठीच ती खरखर ठेवलेली असते. पट्टी स्क्रू काढून वेगळी करा, नाहीतर काचेची भुकटी सांध्यात जाऊन बिजागरी खाते. स्क्रूचं लॉकिंग (आट्यांना लावलेला चिकट द्रव) घट्ट असेल तर आधी गरम सोल्डरिंग आयर्न डोक्याला लावा. खिशाला अडकवायच्या क्लिपच्या खाली येणारा भाग तेवढा टेपने आखा आणि ४०० ने ओला, पाच-सात हात. कापड सरकून बघा, पुरेसं असेल तिथेच थांबा. घासलेला भाग फिका दिसेल. तेलाचा हलका हात देऊन पुसला की रंग बराच जुळतो, अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो.

२३. कार्बन फायबरची कड कुसळते, आणि विणीत बारीक भोकं दिसतात.

कडेवर पेपर नेहमी बाहेरून आत, म्हणजे कडेवरून मुठीच्या मध्याकडे फिरवा. उलट नेला की धागा उचलला जातो. १२० वर असतानाच कडेला अर्धा मिलिमीटरची चॅम्फर (तिरकी कड) काढा. उचललेली कुसळी ओढू नका, पातळ फेव्हिक्विक सोडून जागीच बसवा आणि वाळल्यावर घासा. भोकांना प्रश्न १४ चाच कोट.

विणीची वरची एकच परत सुंदर असते. शीट वळवून खोल घासली की खालच्या परती नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या उघड्या पडतात. ते मुद्दाम हवं असेल तर छान, नको असेल तर वरची सपाटी शाबूत ठेवून फक्त कडा गोल करा. आणि टँग साध्या कार्बन स्टीलचा किंवा लायनर ॲल्युमिनियमचा असेल तर दोन्हींच्या मध्ये इपॉक्सीचा सलग थर राहू द्या. कार्बनला थेट टेकलेला धातू दमट हवेत लवकर गंजतो, कोकणात तर पहिल्याच पावसाळ्यात कळतं.